रक्तातली सोयरीक

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानतात आणि आत्याने तो हक्क मी पाळण्यात असतानाच सांगून ठेवला होता. हे ऐकलं की लोक लगेच कीव आल्यासारखा चेहरा करतात. जबरदस्ती झाली असेल ना तुमच्यावर, वगैरे. कसली डोंबलाची जबरदस्ती? सुट्टीत माझ्यासाठी चिंचा पाडणारा आणि मला विहिरीत पोहायला शिकवणारा आतेभाऊ मला कळायला लागल्यापासून आवडत होता. घरच्यांनी नाही म्हटलं असतं तर मी पळून गेले असते. पण पळून जायचं ते आत्याच्याच घरी, त्यामुळे त्यातही काही मजा नव्हती.

या लग्नात अडचण एकच. सासूचं आणि माझं माहेर एक. येवल्याकडच्या गावात तिचा भाऊ, म्हणजे माझे वडील, आणि माझाही भाऊ तिथेच. भाऊबीजेला आम्ही दोघी नाशिकहून एकाच एसटीने निघतो, खिडकीवरून भांडतो आणि एकाच दारात उतरतो. उंबरा ओलांडला की सासू-सून संपतात आणि दोन माहेरवाशिणी उरतात. गरम पोळी आधी कुणाच्या पानात पडली यावरून आमचे रुसवेफुगवे झाले आहेत. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये परत आल्यावर ती पुन्हा सासू होते, पण तीही अर्धीमुर्धीच.

आम्हाला एकच मुलगी. ती झाली तेव्हा आत्या पेढे वाटताना सगळ्यांना सांगत होती, "नाक माझ्या भावाचं, कपाळ माझं. कुठूनबी बघा, पोरगी आमचीच हाय." तेव्हा ते ऐकून मला हसू आलं होतं.

जन्मानंतर टोचलेल्या बीसीजीच्या लसीपासूनच काहीतरी बिनसलं होतं. इतर मुलांना दंडावर बारीक फोड येतो. हिच्या काखेत सुपारीएवढी गाठ आली आणि कित्येक महिने गेली नाही. पुढे साधं खरचटलं तरी तिथे गळू व्हायचं. शाळेत जायला लागली तेव्हा मानेवर गाठी आल्या. एका डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली. गाठी बसल्या, पण औषधं संपल्यावर पुन्हा आल्या. मी घरी ब्लाउज शिवते. मापं द्यायला येणाऱ्या बायका मुलीची मान बघायच्या आणि मला उपाय सांगायच्या. कुणी म्हणायचं दृष्ट काढ, कुणी म्हणायचं हिला बाहेरचं खायला देऊ नकोस. मी तोंडात टाचण्या धरून हं हं करायची. टाचण्या नसत्या तर काय बोलले असते कोण जाणे.

ती आठ वर्षांची असताना आम्ही नेहमीप्रमाणे भाऊबीजेला गावी गेलो. दिवाळीपर्यंत आमच्याकडची कांदाचाळ रिकामी होत येते. कांदाचाळ म्हणजे उन्हाळी कांदा साठवायची लांबलचक, जाळीच्या भिंतींची शेड. तळाचा कांदा उरतो तो बराचसा काळा पडलेला असतो आणि तो निवडायला घरातल्या सगळ्या बायका बसतात. माहेरवाशिणींना खरं तर काम सांगत नाहीत, पण गावातल्या साऱ्या बातम्या तिथेच कळतात, मग आम्ही कशाला घरात बसतोय? कांदा हातात घेतला की काजळीसारखी काळी पूड उडते. ती बुरशी असते. आम्ही लहानपणापासून ती नाकातोंडात घेत आलोय आणि पदराने नाक पुसून गप्पा मारत आलोय.

फोलपटांचा हा ढीग पडला होता. मुलं त्यात उड्या मारत होती. मुलगी जराशी बिचकली तेव्हा आत्यानेच तिला उचलून ढिगात ठेवलं. "खेळ गं माय, तुझा बाप याच ढिगात लोळून मोठा झालाय."

परत आल्यावर काही दिवसांतच मुलीला ताप भरला आणि श्वास लागू लागला. बोलताना एकेका शब्दाला ती थांबायची. दवाखान्यात नेलं तेव्हा तिचे ओठ निळसर दिसत होते. तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो पाहिला आणि आम्हाला लगेच अतिदक्षता विभागात पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बसवून विचारलं, आजारी पडायच्या आधी ही कुठे गेली होती? काय काय केलं? मी सांगत गेले. फराळ, फटाके, किल्ला. कांद्याच्या चाळीवर आले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काळी पूड उडत होती?"

"ती तर उडतेच."

"घरातल्या आणखी कुणाला त्रास झाला?"

कुणालाच झाला नव्हता. त्यांनी काखेतल्या जुन्या गाठीचं विचारलं, मानेचं विचारलं आणि मग हळूच म्हणाल्या, "तुमचं लग्न नात्यातलं आहे का?"

बुरशीवरची औषधं लागू पडली आणि मुलगी वाचली. तिचं रक्त मात्र एका खास तपासणीसाठी मुंबईला गेलं. त्या तपासणीत पांढऱ्या पेशींना एक रंग पाजतात आणि त्यांना चेतवतात. निरोगी माणसाच्या पेशींमध्ये तो रंग चमकायला लागतो. आमच्या मुलीच्या पेशी काही केल्या चमकल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी मला, नवऱ्याला आणि आत्याला समोर बसवून समजावलं. शरीरात जंतू शिरला की पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. इथवर सगळ्यांचं सारखंच. गिळल्यावर पेशीच्या आत एक एन्झाइम कामाला लागतं आणि आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनपासूनच जहाल ऑक्सिडंट बनवतं. त्यातूनच पुढे आपण मोरीत ओततो त्या ब्लीचच्या जातीचं रसायन तयार होतं आणि जंतूचा निकाल लागतो. हे एन्झाइम बऱ्याच सुट्या भागांचं बनलेलं असतं. हिच्यात त्यातला एक भाग तयारच होत नाही. म्हणून हिच्या पेशी जंतूला गिळतात, पण त्याला मारता येत नाही. तो आत जिवंत राहतो, त्याच्याभोवती आणखी पेशी गोळा होतात आणि गाठ बनते. हा भाग बनवायची सूचना आईकडून एक आणि बापाकडून एक अशी मिळते. एक जरी धड असली तरी भागतं. हिला दोन्हीकडून बिघडलेलीच मिळाली होती.

"म्हणजे त्या ऑक्सिडंटचं औषध द्या ना," नवरा म्हणाला.

"तसं बाहेरून देता येत नाही. आणि ते नको तिथे, नको तेवढं तयार झालं तर उलट रक्तवाहिन्यांना, सांध्यांना, फुप्फुसांना इजा होते. कित्येक आजारांत तेच होतं. ते हवं, पण जागेवर हवं."

"चुलीतल्या जाळासारखं," आत्या म्हणाली. "चुलीत असला तर भाकर, छपराला लागला तर घर गेलं."

"अगदी तसंच, आजी."

"आन आमच्या पोरीची चूल पेटतच नाय."

रिक्षात बसल्यावर मी पाहिलं, आत्याने पदर तोंडात कोंबला होता.

आमच्या घराची घडी बदलली. मुलीला रोज जंतूंवरचं एक आणि बुरशीवरचं एक अशी औषधं सुरू झाली. कुंड्या गेल्या, ओल्या कचऱ्याचं खत करायची आत्याची बादली गेली. नवरा इगतपुरीला रेल्वेत आहे, रोज जाऊन येऊन करतो. तिथल्या पावसाने त्याच्या बॅगेलासुद्धा बुरशी धरायची, तर ती बॅग दाराबाहेरच राहू लागली. मातीत खेळायचं नाही, वाळलेल्या पाल्यात जायचं नाही, गावी जायचं नाही. मुलगी शहाणी. सगळं ऐकायची. पण कुठे काही लागलं की धावत येऊन दाखवायची, "आई, हे बघ, चालेल ना? मी मरणार नाही ना?" मापं घेतानासुद्धा माझा एक डोळा तिच्या गुडघ्यांवर असायचा. मी तिच्यावर प्रेम करत होते की पहारा, ते माझं मलाच कळेनासं झालं होतं.

आणि त्यात आमच्या सोसायटीतल्या बायका! त्या वर्षी सगळ्यांना अँटिऑक्सिडंटचं वेड लागलं होतं. कुणी ग्रीन टी आणून दे, कुणी काळ्या द्राक्षांच्या बियांची पावडर. एक बाई ब्लाउजचा गळा किती खोल हवा ते सांगता सांगता मला ऐकवत होती, "ऑक्सिडंट म्हणजे विष हो, शरीर गंजतं. तुम्ही मुलीला अँटिऑक्सिडंट भरपूर द्या." माझा पारा चढला. मी टेप तिच्या गळ्यातच सोडला आणि म्हटलं, "काकू, तुमच्या अंगात जे विष आहे ना, त्यातलं चमचाभर माझ्या मुलीला मिळालं असतं तर मी नवस फेडला असता." गिऱ्हाईक गेलं. जाऊ दे म्हटलं. आवळा मुलगी आवडीने खाते, तो चालूच राहिला. माझं भांडण आवळ्याशी नव्हतंच.

आत्याचं मात्र मला बघवेना. आमच्या लग्नाचा फोटो तिने हॉलमधून काढून कपाटात ठेवला. नातेवाइकांचे फोन यायचे तेव्हा ती आपण होऊन सांगायची, "माझ्या हट्टानं झालं." भाऊबीजेला गेली नाही. मी एकटी कशाला जाऊ, म्हणून मीही गेले नाही. एके दिवशी भाजी निवडता निवडता मी तिला म्हटलं, "आत्या, माझा संसार म्हणजे काही रोग नाही. मला तुझा मुलगा हवा होता. तू मागणी घातली नसतीस तर मी घातली असती."

"तू ल्हान व्हती. तुला काय कळतंय?"

"मला तेव्हाही कळत होतं. तुझ्या हट्टाचं काय घेऊन बसलीस, माझा हट्ट तुझ्याहून मोठा होता."

ती हसली नाही. मेथीची देठं खुडत राहिली.

पुढच्या वर्षी औषधं चालू असतानाच मुलीच्या यकृतात गळू झालं. पुन्हा दवाखाना, पुन्हा नळ्या. या खेपेला डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या. औषधांवर असं किती वर्षं निभेल सांगता येत नाही. कायमचा उपाय म्हणजे बोन मॅरो बदलणं. पांढऱ्या पेशी तिथेच तयार होतात, दुसऱ्याचा मॅरो रुजला की नव्या पेशींमध्ये ते एन्झाइम धड असेल. पण जुळणारा दाता हवा, आणि उपचारात जिवाला धोकाही आहेच. सख्खं भावंड असेल तर जुळायची चांगली शक्यता असते. हिला भावंड नाही.

नवरा म्हणाला, "आहे ते बरं चाललंय." पहिल्यांदाच मी त्याच्यावर इतकी ओरडले. काय बरं चाललंय? लेकरू स्वतःच्या गुडघ्याला घाबरतंय, याला बरं म्हणायचं? तो उठून गॅलरीत गेला आणि पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी गेले आणि त्याच्या पाठीला डोकं टेकलं. भीती आम्हा दोघांनाही सारखीच होती, तो फक्त ती बोलून दाखवत होता.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात आम्हा सगळ्यांचं रक्त तपासायला घेतलं. आत्याने सगळ्यांच्या आधी हात पुढे केला. तिथले डॉक्टर म्हणाले, आजी, तुमचं वय झालंय, तुमचा मॅरो आम्ही सहसा घेणार नाही. "घ्या तर खरं," ती म्हणाली, "घेताना मी काय तुमच्या हाताला चावते का?" त्यांनी रक्त घेतलं बिचाऱ्यांनी.

निकाल ऐकायला आम्ही तिघं गेलो. आईबापाचा मॅरो मुलाशी सहसा निम्माच जुळतो, हे आम्हाला आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मी मनाची तयारी निम्म्याचीच करून गेले होते. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. मग माझ्याकडे बोट केलं.

"आई पूर्ण जुळते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. नवऱ्याने विचारलं, हे कसं शक्य आहे? डॉक्टर सांगू लागले. मुलीला अर्धा वाटा आईकडून आला, तो तर आईशी जुळणारच. उरलेला अर्धा बापाकडून आला. पण बापाला तो त्याच्या आईकडून मिळाला होता, आणि त्याची आई ही माझ्या वडिलांची बहीण. तोच वाटा माझ्या वडिलांकडून माझ्यातही आला होता. एकाच घरातून निघालेली एकच गोष्ट दोन वाटांनी येऊन मुलीत आणि माझ्यात पोचली होती. आजाराची बिघडलेली सूचना एक माझ्याकडेही होती, पण दुसरी धड होती, त्यामुळे माझ्या पेशी अगदी ठणठणीत होत्या.

आत्या खुर्चीच्या कडेवर सरकली होती. "डॉक्टर, एकदा परत सांगा. नात्यात लगीन व्हतं म्हणून पोरगी आजारी पडली."

"हो."

"आन नात्यात व्हतं म्हणूनच जुळलं."

"हो, आजी. तसंही म्हणता येईल. पण म्हणून पुढच्या पिढीत नात्यात करू नका."

"करत नाय," आत्या म्हणाली. "आता कुणी केलं तर मोडायला मीच मंडपात जाऊन बसंन." आणि ती ढसाढसा रडायला लागली. समोर लोक बसलेत, डॉक्टर बसलेत, कशाचं भान नाही. मी तिचं डोकं पोटाशी धरलं. मलाही रडायचं होतं, पण दोघी एकदम रडलो तर सांभाळणार कोण, म्हणून मी माझी पाळी पुढे ढकलली. आम्ही मुंबईहून परतलो तेव्हा घरातल्या सगळ्या तरण्या मुलामुलींना मी फोन केले आणि लग्नाआधी तपासणी करून घ्या म्हणून बजावलं. एका चुलतभावाला राग आला. येऊ दे.

पुढचे महिने मी सविस्तर लिहिणार नाही. लिहायला बसलं की हात जड होतो. मुलीचा जुना मॅरो औषधांनी रिकामा केला. तिचे केस गेले, तोंड सोलवटून आलं, थुंकी गिळवेना. मला भूल देऊन माझ्या कमरेच्या हाडातून मॅरो काढला. शुद्धीवर आले तेव्हा कंबर कुणीतरी बडवल्यासारखी ठणकत होती आणि मला इतका आनंद झाला होता की शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, मी नुकतीच बाळंत झाले. मुलीला तो मॅरो साध्या रक्तासारखा सलाइनच्या नळीतून चढवला. ती काचेच्या पलीकडे, आम्ही अलीकडे. आत्या काचेशी उभी राहून तिला पदराची वेगवेगळी टोकं करून दाखवायची, ससा, कोंबडा, काहीबाही. मधे एकदा ताप आला आणि उतरेचना, तेव्हा तेही बंद झालं. आम्ही तिघं नुसते बसून राहायचो. नवरा माझा हात धरायचा. मग ताप उतरला, आणि रक्तात पांढऱ्या पेशी दिसू लागल्या.

ती चमकण्याची तपासणी पुन्हा झाली. या वेळी डॉक्टरांनी आलेख आमच्यासमोर ठेवला. आधीच्या आलेखात एक उंचवटा डावीकडे तसाच खिळून होता. आताचा पार उजवीकडे गेला होता. पेशी चमकत होत्या. मी नवऱ्याकडे बघून म्हटलं, "पेटली चूल." तो डॉक्टरांच्या टेबलावर डोकं ठेवून हसत होता की रडत होता, ते मी विचारलं नाही.

त्याला आता दोन वर्षं होत आली. औषधं एकेक करून बंद झाली. आधी मास्क सुटला, मग शाळा सुरू झाली, मग मैत्रिणींकडे जाणं. डॉक्टरांनी सगळी बंधनं उठवली तरी माझा पहारा काही उठेना. रोज संध्याकाळी मी तिला मोरीत उभी करून पायापासून मानेपर्यंत तपासायची. ती कंटाळायची, पण करू द्यायची.

परवा तिचे पाय धुताना टाचेखाली, उभं असताना दिसत नाही अशा जागी, एक बारीक काळसर ठिपका दिसला. दाबून पाहिला. कडक, कोरडा.

"हे काय आहे?"

"काटा गेला होता. बाभळीचा. शाळेच्या मागे."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात कधीतरी. आजीने काढला सुईने."

मी ओल्या हातांनीच बाहेर आले. आत्या टीव्ही बघत होती. मी तिच्यावर तुटून पडले. बाभळीचा काटा! पायात! आणि मला सांगायचंही नाही? काय काय भोगलंय आपण, तुला माहीत नाही? आठवडाभर तो पाय तसाच आणि मी आपली रोज शिवत बसलेय!

आत्याने टीव्हीचा आवाज कमी केला. ती खरंच गोंधळली होती.

"सांगायचं काय त्यात? काटा व्हता. काढला. भरून आलं."

तिने मुद्दाम लपवलं नव्हतं. मुलीनेही लपवलं नव्हतं. पूर्वी जी पोर ओरखड्यासाठी धावत यायची, तिच्या पायात हा एवढा काटा मोडला आणि ती तो विसरून गेली. आमच्या घरात लेकराच्या अंगाला काहीतरी झालं आणि ते कुणाला सांगण्यासारखं वाटलं नाही.

मी तिथेच फरशीवर बसले, मुलीला ओढून समोर घेतलं आणि ती टाच मांडीवर धरली. मग माझं पुढे ढकललेलं रडणं एकदाचं आलं. आत्या घाबरून उठली. मी टाच सोडीचना, पुन्हा पुन्हा त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवत राहिले, आणि मुलगी पाय झाडत ओरडत होती, "आई, सोड ना, गुदगुल्या होतात!"